शेवटची लाँच सुटल्यावरचं घारापुरी

राजबंदरची_लेक

गेल्या महिन्यात आईला भेटायला उलव्याला चाललो होतो. शिवडीहून अटल सेतूवर चढलो आणि मी मुलाला म्हटलं, जरा हळू घे रे. पुलावर गाडी थांबवता येत नाही, तेव्हा जे काही बघायचं ते चालत्या गाडीच्या काचेतूनच. उजव्या हाताला समुद्रात दोन डोंगर आणि मधली खिंड दिसली. तीन मिनिटं असेल, फार तर चार. मग न्हाव्याची बाजू आली आणि बेट मागे गेलं.

ते माझं गाव. घारापुरी. तुम्ही त्याला एलिफंटा म्हणून ओळखत असाल.

माझा जन्म राजबंदरचा, १९६८चा. बेटावर गावं तीन: शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. पर्यटकांच्या लाँच शेतबंदरच्या बाजूला लागतात. आमचं राजबंदर दक्षिणेला, उरणच्या द्रोणागिरीकडे तोंड करून. घर कौलारू, पुढे सारवलेला ओटा, ओट्यासमोर चिंच. चिंचेपासून पन्नास पावलांवर तिवरं, आणि तिवरांपलीकडे एक तर पाणी, नाही तर चिखल. १९८० साली आम्ही बेट सोडलं. त्यानंतर मी तिथे एकदाही राहिले नाही. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा गेटवेहून, परतीचं तिकीट हातात घेऊन, चुलत्यांच्या घरी चहा पिण्यापुरती.

दिवसाचं घारापुरी लाखो लोकांनी पाहिलंय. सकाळी लाँच येतात, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास शेवटची सुटते. आमचं बेट त्यानंतर सुरू व्हायचं. माकडं डोंगरावरून खाली उतरायची. बाया धक्क्यावरून टोपल्या घेऊन परतायच्या. कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझं होतं, राखेने आणि जुन्या धोतराच्या फडक्याने. अंधार पडला की आजी ओट्यावर येऊन बसायची आणि सुकती (ओहोटी) असली तर म्हणायची, "ऐक, चिखल बोलतंय." खरंच बोलायचा. तिवरांच्या मुळाशी ओल्या चिखलातून बारीक टिकटिक, चुरचुर असा आवाज यायचा, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. तो आवाज मी पुढे कुठेच ऐकला नाही. माझगावात नाही, नाशकात तर शक्यच नाही.

मला तिथे एक रात्र काढायची आहे. बस, एवढंच. इथे कोणी त्या बाजूचं असेल तर लिहा. आणि तुमचंही असं एखादं पाण्यातलं घर असेल तर तेही लिहा.

लालबागकर

ताई, वाचून गप्प बसलो. १९९४ला शाळेची सहल गेली होती. जेट्टीवरून ती छोटी आगगाडी, मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं, वर लेणी, त्रिमूर्तीसमोर रांगेत फोटो, आणि चारला परत. बेटावर माणसांची गावं आहेत, तिथे मुलं अंगणात खेळतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुकानातल्या बाया कुठून येतात असा प्रश्नसुद्धा पडला नव्हता. आज पडला. अजून लिहा.

नाखवा_उरण

बाय, आमी मोऱ्याचं, उरणच्या काठावरच्या; बेटावरचं मोराबंदर वेगळं. तुमच्या राजबंदरात आमच्या आत्याचं सासर होतं, म्हणजे तुमचंच कोणीतरी असेल.

गेटवेच्या लाँचचा विचार सोडून द्या. ती पर्यटकांची सोय. राहायला जायचं तर मोऱ्याहून गावकऱ्यांच्या होडीने जा. नाशिकहून मुंबई गाठलीत की दोन वाटा. भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याची लाँच आहे, पण मोऱ्याला गाळ इतका साचतो की मोठ्या सुकतीला लाँच धक्क्याला लागतच नाही, फेऱ्या बंद ठेवतात. दुसरी वाट आता लोकलची. जानेवारी २०२४पासून गाडी थेट उरणपर्यंत येते. तिथून मोऱ्याला रिक्षा.

जायचं सोमवारी. सोमवारी लेणी बंद, पर्यटक नाहीत, दुकानं नाहीत. बेट गावाचं असतं.

आणि बाहेरच्या माणसाला रात्री मुक्काम करता येत नाही. तुमचं घर आहे, माणसं आहेत, तुम्हाला कोण अडवणार. पण आधी कळवून जा.

पाषाणवेडा

लेण्यांच्या निमित्ताने मी दहा-बारा वेळा गेलोय, आणि लालबागकरांसारखंच कबूल करतो की राजबंदरला पहिल्यांदा गेलो ते सहाव्या-सातव्या फेरीत. खरं तर बेटाच्या इतिहासात राजबंदरचा मान मोठा. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून दिलं, तो हत्ती राजबंदरच्या बाजूला उभा होता. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले. १९१४मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. नीट पाहिलं तर अंगावरचे सांधे दिसतात.

मोराबंदरच्या बाजूला विटांचा स्तूप आहे, क्षत्रपांची नाणी आणि रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. म्हणजे सहाव्या शतकात लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे जागतं बंदर होतं. तुमचं गाव लेण्यांच्या पायथ्याशी वसलं असं आपण म्हणतो, पण वस्ती आधीची, लेणी नंतरची.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या बेटाचं क्षेत्रफळ एक नाही. भरतीला सुमारे १० चौरस किलोमीटर, ओहोटीला १६.

राजबंदरची_लेक

दादा, तुम्ही हत्तीचं लिहिलंत आणि माझा हात थरथरला.

बेट सोडल्यावर बाबांना गोदीत काम मिळालं. माझगावात चाळीत एक खोली. मी बारा वर्षांची. शाळेत पोरी विचारायच्या, गाव कुठलं, आणि मला सांगताच यायचं नाही, कारण माझं गाव म्हणजे त्यांची सहलीची जागा. दर एक-दोन रविवारी बाबा मला राणीच्या बागेत न्यायचे. वाघ-सिंहांकडे आम्ही जायचोच नाही. सरळ त्या दगडी हत्तीपाशी. बाबा त्याच्या पायावर हात ठेवून उभे राहायचे. एकदाच म्हणाले, "हा आपल्या बंदरावरचा." मला वाटलं, उगाच माझी समजूत काढतायत. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की ते अक्षरशः खरं होतं. बाबांना १८६४ माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या आज्याने सांगितलं होतं, आज्याला त्याच्या आज्याने.

बाबा २००३ला गेले. मी भायखळ्याला गेले की अजून हत्तीपाशी थांबते. पोटावरचा सांधा कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल.

आणि सुकतीला बेट मोठं व्हायचं हे अगदी खरं. ते सहा चौरस किलोमीटर म्हणजे आमचं शेत होतं. आजी सुकतीला खडकांवर जायची कालवं फोडायला. हातात टोकदार लोखंडी हत्यार, कमरेला टोपली. एक ठोका, शिंपलं उघडलं, आतला गर वाटीत. इतक्या लयीत की लांबून ऐकलं तर कोणी टाळ वाजवतंय असं वाटावं. मी मागे मागे. पायाला कालवं लागली की कापतं, आणि खाऱ्या पाण्याने ते झोंबतं. उजव्या घोट्यावर वण अजून आहे.

चोडणकार

आमचं बेट गोड्या-खाऱ्या पाण्यातलं, गोव्यात मांडवीच्या मुखाकडचं चोडण. रायबंदरहून फेरीबोट. मी मराठी प्राथमिक शाळेत तिथेच शिकलो. पहिली फेरी चुकली की वर्गाबाहेर उभं राहायचं. खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), बांधावर मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार), कोरगूट तांदूळ, पावसात कुर्ल्या. आज पश्चिमेच्या टोकाला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, लोक तिथे पक्षी बघायला येतात, आणि मी दुबईत बसून फेरीबोटीच्या फळीचा 'धडाम' आवाज आठवतो. फळी काठावर पडली की समजायचं, घर आलं.

ताई, चवथीला घरी जातो तेव्हा पहिली रात्र मला झोप लागत नाही. तुम्हालाही लागणार नाही. तयारीने जा.

साधा_प्रश्न

सगळं छान चाललंय, त्यात मिठाचा खडा टाकतोय असं वाटेल, पण मनापासून विचारतो. मी सरकारी नोकरीत होतो, खाडीकाठच्या, बेटांवरच्या गावांत खूप फिरलो. अशा गावांतून माणसं बाहेर का पडतात ते मी पाहिलंय. घारापुरीला तर वीज फेब्रुवारी २०१८मध्ये पोचली, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी! एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला १९८९पासून न्हावाशेवा बंदर रात्रभर झगमगतंय, आणि मध्ये हे बेट संध्याकाळच्या तीन-साडेतीन तासांच्या जनरेटरवर. पाण्याचे हाल वेगळे. आपण ज्या अंधाराच्या आठवणी काढतो, तो अंधार तिथे मागे राहिलेल्यांना हवा होता का? आणि दुसरं, इतकी ओढ होती तर ४५ वर्षांत एक रात्र का काढली नाहीत? राग मानू नका.

राजबंदरची_लेक

राग नाही. कोणीतरी विचारेल असं वाटलंच होतं. दोन दिवस लिहू की नको करत होते.

मला धाकटा भाऊ होता. तीन वर्षांचा. १९७९चा श्रावण, गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस, नवमी. दुपारपासून ताप. बेटावर डॉक्टर नव्हता. संध्याकाळी आईने कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आजीने काढा दिला. रात्री दहाला त्याला आकडी आली. बाबा आणि काका त्याला गोधडीत गुंडाळून होडीतून मोऱ्याला निघाले, आई सोबत. मी ओट्यावर आजीजवळ.

नवमीला भरती पावणेसातला होऊन गेलेली. होडी निघाली तेव्हा पाणी निम्म्याहून जास्त उतरलं होतं. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही, कळत होतं, पण सहा तास थांबायचं कसं? मोऱ्याच्या अलीकडे होडी चिखलात बसली. धक्क्यावरचा दिवा समोर दिसतोय आणि मध्ये छातीभर चिखल. बाबांनी उतरून बघितलं, कमरेपर्यंत रुतले, काकांनी दोराने ओढून घेतलं. मग ते तिघं तसेच बसून राहिले. पाणी चढायला पहाटेचे तीन वाजले.

तो पोचला नाही.

आई परत बेटावर आली ती सामान बांधण्यापुरती. त्यानंतर तिने घारापुरीचं नाव घेतलं नाही आणि आमच्यापैकी कोणी घेतलेलं तिला सोसलं नाही. मी दोनदा गेले ते तिला न सांगता. रात्र राहिले असते तर सांगावं लागलं असतं.

आई आता ८३ वर्षांची आहे. त्या दिवशी पूल उतरून तिच्याकडे गेले तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बेट दिसलं वाटतं." मी हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "जाऊन ये एकदा. ऱ्हाऊन ये."

म्हणून हा धागा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: नाही, तो अंधार कोणालाच हवा नव्हता. वीज आली त्या रात्री चुलतभावाने मला फोन करून पंख्याचा आवाज ऐकवला होता. आम्ही दोघं रडलो. मला अंधार परत नको आहे. मला माझी आजी, बाबा, भाऊ जिथे होते ती जागा हवी आहे, आणि ती रात्रीच असते. दिवसा ती जागा दुसऱ्यांची असते.

साधा_प्रश्न

ताई, क्षमा करा. विचारायला नको होतं असं म्हणणार होतो, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हे सगळ्यांनी वाचायला हवं. माझ्या नोकरीत मी अशा गावांच्या अर्जांवर शेरे मारले आहेत. 'लोकसंख्या कमी' असा शेरा मारला की फाईल बाजूला पडते. मीही मारलाय. तो शेरा आज नीट कळला.

पाण्याकाठी

वाचते आहे. लिहायला शब्द नाहीत. ताई, तुमच्या आईंना नमस्कार.

शेतबंदर_घारापुरी

नमस्कार. मी आत्ता घारापुरीतूनच लिहितोय. धागा बहिणीने पाठवला. वय २९. जेट्टीच्या वाटेवर आमचं दुकान आहे.

काकू, तुम्ही ज्या घराचं लिहिलंय ते मला माहीत आहे. चिंच आहे. वाकलीये, पण आहे. तुमच्या चुलतभावाचा मुलगा आणि मी एकाच होडीतून शिकायला उरणला जायचो. त्याला सांगितलंय. तो म्हणाला, "आत्याला म्हणावं, विचारते काय, ये."

दोन गोष्टी माझ्या बाजूने लिहितो. वीज आली, आता फ्रीज आहे, मासळी टिकते, पोरं रात्री अभ्यास करतात, मोबाईल चार्ज करायला कोणाच्या दारात बसावं लागत नाही. तरीही माझ्या वयाचे बरेच जण उरणला, उलव्याला गेले. मी इथे आहे कारण मला इथे राहायचंय. आमच्याकडे 'बिचारे बेटावरचे' म्हणून बघू नका. आम्हाला चांगला धक्का, कायम हजर असलेला डॉक्टर आणि पावसाळ्यातही चालणारी होडी द्या, माणसं आपोआप राहतील.

दुसरं, १८ डिसेंबर २०२४च्या अपघातानंतर इथले लोक पाण्यावर जास्त जपून असतात. नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली आणि १५ जीव गेले. ती लाँच आमच्याकडेच येत होती. तुम्ही कोणत्याही होडीतून आलात तरी जॅकेट आधी अंगात घाला, मग बसा. गावातला नाखवासुद्धा आता हे ऐकतो.

कधी येताय ते कळवा. धक्क्यावर असेन.

नाखवा_उरण

बाय, तुमचं वाचलं. १९७९च्या त्या रात्रीचं मोऱ्यात आमच्या बापाने पाहिलंय. धक्क्यावरून कंदील हलवत होते सगळे. ते नेहमी सांगायचे, कोणाचं पोर ते आम्हाला माहीत नव्हतं. आज कळलं.

आता दिवस ठरवू. आमचा जुना हिशोब तुम्हाला आजीने शिकवला असेलच: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंधरवड्याची अष्टमी म्हणजे सहा, पौर्णिमा-अमावास्या म्हणजे सव्वाअकरा-बारा. येत्या सोमवारी वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला पूर्ण पाणी. साडेनऊला मोऱ्याहून निघायचं, होडी माझ्या भाच्याची. मंगळवारी त्रयोदशी, पावणेदहाला भरती, त्या पाण्यावर परत. घड्याळ नको बघू, पानी बघ, असं आमच्यात म्हणतात.

राजबंदरची_लेक

जाऊन आले. आज गुरुवार, म्हणजे परत येऊन दोन दिवस झाले, पण लिहायला बसवत नव्हतं.

होडीत मी पुढे बसले. मोऱ्याच्या अलीकडची ती जागा नाखवादादांच्या भाच्याने मला दाखवली नाही आणि मीही विचारलं नाही. त्याने इंजिन तेवढ्यापुरतं हळू केलं. मी बरोबर आणलेली शेवंतीची फुलं पाण्यात सोडली. पाणी भरलेलं होतं, फुलं बराच वेळ होडीबरोबर चालत राहिली.

घराला आता पत्रे आहेत, कौलं नाहीत. ओट्याला फरशी. चिंच खरंच वाकली आहे. सुनेने तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवांचं सुकं केलं होतं. पहिल्या घासाला घशाशी आलं, ती म्हणाली, "तिखट झालं का आत्या?" मी हो म्हटलं.

राजबंदरच्या वाटेवर म्हातारी माणसं हाक मारत होती, पण माझ्या नावाने नाही, बाबांच्या नावाने. "अमक्याची लेक आली." ४५ वर्षांत मला कोणी असं ओळखलं नव्हतं.

रात्र सांगते. जेवणं झाल्यावर मी सुनेला म्हटलं, दहा मिनिटं दिवे बंद करशील? तिने शेजाऱ्यांनाही सांगितलं. दिवे गेले तरी अंधार झाला नाही. न्हावाशेव्याच्या क्रेनचे दिवे, उरणचे दिवे, वर आभाळभर नारिंगी उजेड. वद्य द्वादशी असूनही तारे मोजकेच. लहानपणी आभाळ डोक्यावर टेकल्यासारखं असायचं, ते गेलं. हे सांगायला हवं, कारण मी तेच बघायला गेले होते असं मला वाटत होतं.

नंतर सगळे झोपले. मी ओट्यावरच पथारी टाकली. चोडणकारदादा, तुमचं खरं, झोप लागलीच नाही. दोनच्या पुढे कधीतरी पाणी पार उतरलं होतं. लांबून जहाजाच्या इंजिनाची घरघर येत होती, ती मध्येच थांबली. आणि तिवरांच्या बाजूने सुरू झालं. टिकटिक. चुरचुर. मी उठून अनवाणी चिंचेपर्यंत गेले आणि बुंध्याला पाठ लावून बसले. पाणी चढेपर्यंत तिथेच होते. त्या रात्री आजी आणि मी जेवढा वेळ बसलो होतो तेवढाच.

मंगळवारी दुपारी उलव्याला आईकडे गेले. ती खिडकीत बसली होती. मी समोर बसले. तिने घराचं विचारलं नाही, माणसांचं विचारलं नाही. आम्ही लहान असताना ती दिवसातून चार वेळा विहिरीवर जायची, आणि वैशाखात तर तळाशी उतरून वाटीवाटीने कळशी भरायची.

म्हणाली, "विहिरीला पानी हाय?"

"आहे. गाळ काढलाय या वर्षी. चांगलं पुरुषभर आहे."

"गोरं?" गोरं म्हणजे आमच्या बोलीत गोड.

मी बाटलीत भरून आणलं होतं. तिला दिलं. तिने झाकण उघडून आधी वास घेतला.